तिकीट खिडकीवरून उठलेला माणूस

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या एका शाखेची सभा भरली होती. विषय नेहमीचे. रात्रपाळी भत्ता, क्वार्टर्सची गळती, न भरलेल्या जागा. शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ आले तेव्हा घाट विभागातला एक गँगमन उठला. (आता कागदोपत्री त्याला ट्रॅक मेंटेनर म्हणतात, पण हातातले घमेले तेच आहे.) तो म्हणाला, आमच्या बीटच्या वर डोंगराची माती खणून नेतायत, झाडी साफ केली आहे. यंदा दरड आली तर पहिला मी जाणार, मागून गाडी. संघटना काही बोलणार आहे का?

उत्तर मिळाले की हा विषय आपल्या मागणीपत्रात बसत नाही, तू पर्यावरणवाल्यांकडे जा. सभेत हशा पिकला. हसणाऱ्यांत आम्हीही होतो, हे कबूल केले पाहिजे. गँगमन खाली बसला, चहा आला आणि सभा संपली.

तो हशा पुढे बरेच दिवस आमच्या मनात राहिला, कारण त्या माणसाचे काही चुकलेले नव्हते. २२ जून २००३ च्या रात्री कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला येणारी हॉलिडे स्पेशल रुळावर आलेल्या दरडीवर आदळली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. २६ जुलै २००५ ला मुंबईत लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. आपली माणसे कंबरभर पाण्यात स्टेशने सांभाळत होती. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर उतारू होड्यांतून बाहेर काढावे लागले. डोंगर, नदी आणि नाला हे रेल्वे कामगाराच्या कामाचे ठिकाणच आहे. खेड्यापाड्यांत ओढे ओलांडून टपाल पोचवणाऱ्या ग्रामीण डाक सेवकाचेही तेच. कारखान्यातल्या यंत्राला संरक्षक जाळी नसेल तर आपण संप करतो. मग डोंगराची जाळी कोणी उपटून नेली तर तो प्रश्न ‘पर्यावरणवाल्यांचा’ कसा झाला?

हे पर्यावरणवाले म्हणजे कोण, अशी आपल्या सभासदांत एक ठरीव समजूत आहे. इंग्रजी बोलणारे, सुटीत पक्षी पाहणारे आणि आपल्या रोजगारावर टाच आणणारे. अशीही माणसे असतात, नाही असे नाही. परंतु या देशातली या कामाची एक मोठी कारकीर्द सुरू झाली ती बस कंपनीच्या बुकिंग क्लार्कच्या खुर्चीवरून. चंडीप्रसाद भट्ट यांचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. १९८२ चा मॅगसेसे पुरस्कार, २००५ चे पद्मभूषण, २०१३ चा गांधी शांतता पुरस्कार वगैरे त्यांच्या नावावर आहे. पुरस्कारांचे बाजूला ठेवू. तिकीट फाडणारा माणूस तिथवर कसा गेला हे आपल्या कामाचे आहे.

भट्ट यांचा जन्म १९३४ चा, गढवालमधील गोपेश्वरचा. घर पुजाऱ्याचे आणि वडील लहानपणीच गेलेले. घरची ओढाताण. नोकरी लागली ती गढवाल मोटर ओनर्स युनियन या बस कंपनीत. (युनियन नावाला, मालकांची होती.) बद्रीनाथच्या वाटेवर पिपलकोटीसारख्या ठिकाणी बसून यात्रेकरूंना तिकिटे द्यायची. देशभरचे लोक त्या खिडकीसमोर उभे राहत, आपले मराठी यात्रेकरूही. बुकिंगवर बसलेल्या माणसाला जग किती दिसते हे रेल्वेच्या क्लार्कला सांगायला नको. १९५६ मध्ये जयप्रकाश नारायण त्या भागात आले, त्यांचे भाषण भट्ट यांनी ऐकले. लगेच राजीनामा वगैरे दिला नाही. चार वर्षे तिकिटे फाडतच राहिले, सुटीत गावोगाव फिरत राहिले आणि १९६० मध्ये नोकरी सोडली. घरी कमावते कोणी नसताना महिन्याचा पगार सोडणे म्हणजे काय, हे आपल्याला कळते. पुष्कळ चरित्रकार ते एका ओळीत उरकतात.

नोकरी सोडून त्यांनी पहिली संस्था काढली ती झाडांसाठी नव्हे, मजुरांसाठी. पहाडात तेव्हा रस्ते निघत होते. १९६२ च्या चीन युद्धानंतर तर फारच. ठेकेदार मैदानातून येई, मजूरही आणी. स्थानिकांच्या वाट्याला दगड फोडण्याचे काम आणि पडेल ती मजुरी. भट्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी मजुरांची सहकारी संस्था केली, रस्त्याचे काम स्वतः घेतले, ठेकेदारापेक्षा जास्त मजुरी दिली आणि स्वतः त्याच मजुरीवर दगड उचलले. आपल्याकडे जुन्या मुंबई प्रांतात १९४७ च्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या काळात जंगल कामगार सोसायट्या निघाल्या, त्यांच्याच जातकुळीतला हा प्रयोग. १९६४ मध्ये गोपेश्वरला दशोली ग्राम स्वराज्य संघ उभा राहिला. त्याने शेतीची अवजारे करण्याचा छोटा कारखाना आणि चिडाच्या राळेपासून टर्पेंटाइन काढण्याची भट्टी घातली. उद्देश सरळ होता. जंगल आपल्या दारात आहे, तर काम दारात का नाही? पोरे मनिऑर्डरी पाठवायला दिल्ली-मुंबईला का जातात? पहाडातली ही मनिऑर्डरीवरची घरे आपल्या टपाल कामगारांना ठाऊक आहेत. आपल्या कोकणातही दुसरे काय होते?

येथे संघाचा पहिला झगडा झाला तो सरकारी दरांशी. बरेलीच्या मोठ्या कारखान्याला राळ स्वस्त आणि गोपेश्वरच्या भट्टीला महाग. भट्टी काही महिने बंदच पडली. ठेकेदारी बंद करा, जंगलातले काम स्थानिकांच्या संस्थांना द्या, जंगल मजुराला किमान वेतन द्या, या त्या वेळच्या मागण्या होत्या. पुढे जे चिपको म्हणून जगभर गाजले त्याचा पाया हा आहे. आमच्या मते ते मागणीपत्रच होते.

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे रेल्वेविषयी. हिमालयाच्या जंगलांचे आणि आपल्या खात्याचे नाते जुने आहे आणि ते फारसे अभिमानाचे नाही. १८७० साली देशात साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास लोहमार्ग होता, १९१० पर्यंत तो पन्नास हजारांच्या वर गेला. त्याखाली लाकडी स्लीपर घातले गेले. ते कुजत, बदलावे लागत, पुन्हा नवे लागत. एकट्या यमुनेच्या खोऱ्यातून १८६९ ते १८८५ या काळात देवदाराचे ६५ लाख स्लीपर निघाले. ओंडके नदीत सोडायचे आणि खाली मैदानात काठावर धरायचे, अशी ती पद्धत. १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले त्यामागेही रेल्वेला लाकूड पुरले पाहिजे ही निकड मोठी होती. सरकारी जंगल म्हणून कुंपण पडले आणि गावकरी आपल्याच रानात चोर ठरला. आज आपण काँक्रीटच्या स्लीपरवर गाडी चालवतो. लाकडी स्लीपर उचलून ज्यांचे खांदे सुजले असे जुने गँगमन अजून पेन्शन घेत आहेत. ते लाकूड कुठून येई, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

टपाल-तार खात्याचाही या खोऱ्याशी एक संबंध आहे, आणि तो मात्र आनंदाने सांगण्याजोगा. १८९३ मध्ये अलकनंदेला मिळणाऱ्या बिरही गंगेवर डोंगर कोसळला, नदी अडली आणि गौना गावाजवळ प्रचंड तळे साचले. ते फुटणार हे इंजिनिअरांनी ओळखले. तळ्यापासून खाली तारेची लाइन टाकली, तारवाले बसवले आणि ऑगस्ट १८९४ मध्ये बांध फुटला तेव्हा गावोगाव इशारा पोचला. गढवालचे श्रीनगर वाहून गेले, पण माणसे उंचावर गेलेली होती. मनुष्यहानी जवळपास झालीच नाही. आपली तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली, तिच्या खात्यावर हे एक काम कायमचे जमा आहे.

त्या तळ्यात जे पाणी उरले होते तेही २० जुलै १९७० ला गाळाने भरून फुटले. अलकनंदेला आलेल्या पुरात बेलाकुची नावाची वस्ती गेली, बसगाड्या वाहून गेल्या, रस्ते व पूल गेले आणि पार खाली हरिद्वारच्या गंगा कालव्यात गाळ भरला. भट्ट आणि त्यांचे सोबती मदतीला गावोगाव फिरले आणि हिंडताना त्यांनी पाहिले की जिथे वरची जंगले तोडली होती तिथूनच माती जास्त आली होती. मजुराच्या कामासाठी निघालेला माणूस झाडाकडे वळला तो येथे. वाचून किंवा परिषदेला जाऊन वळला नाही, पुरातली घरे उपसता उपसता वळला.

१९७३ चे प्रकरण थोडक्यात. संघाने अवजारांसाठी अंगूची काही झाडे मागितली. अंगूचे लाकूड हलके आणि चिवट, बैलाच्या जुवाला उत्तम. वनखात्याने नाही म्हटले आणि तीच झाडे अलाहाबादच्या (आताच्या प्रयागराजच्या) खेळाचे सामान करणाऱ्या कंपनीला दिली. शेतकऱ्याच्या जुवाला लाकूड नाही, रॅकेटला आहे! गावकऱ्यांच्या बैठकीत भट्ट यांनी सुचवले की कुऱ्हाड आली की झाडाला मिठी मारायची. २४ एप्रिल १९७३ ला मंडल येथे ढोल वाजवत लोक जमले आणि कंपनीची माणसे परत गेली.

रैणीची हकीकत मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. १९७४ च्या आरंभी रैणीच्या जंगलातील सुमारे अडीच हजार झाडांचा लिलाव झाला. २६ मार्चला गावातील पुरुष चमोलीला बोलावले गेले. सैन्यासाठी घेतलेल्या जमिनींची जुनी नुकसानभरपाई त्या दिवशी मिळणार होती. भट्ट यांना वनाधिकाऱ्यांनी गोपेश्वरला भेटीगाठीत गुंतवून ठेवले. गाव असे मोकळे झाल्यावर ठेकेदाराची माणसे वर निघाली. एका मुलीने पाहिले आणि महिला मंगल दलाच्या गौरादेवींना सांगितले. सत्तावीस बायका निघाल्या. विधवा, शाळा न शिकलेल्या गौरादेवी पुढे होत्या. जंगल हे आमचे माहेर आहे असे त्या मजुरांना सांगत होत्या. दारू प्यायलेल्या एकाने बंदूक रोखली, तरी बायका हलल्या नाहीत. मजूर परतले. बायका रात्रभर जंगल राखत बसल्या.

ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते, पण आम्हाला त्यात एक प्रश्न पडतो जो कोणी विचारत नाही. कुऱ्हाड घेऊन आलेले ते मजूर कोण होते? तेही पहाडातलेच, पोटासाठी घर सोडून आलेले रोजंदारीवाले. त्या दिवशी त्यांनी बायकांचे ऐकले, कुऱ्हाडी खाली ठेवल्या. त्यांचा रोज कोणी दिला? ठेकेदाराने दिला असेल असे आम्हाला वाटत नाही. त्या दिवशी एका बाजूला सत्तावीस बायका होत्या आणि दुसऱ्या बाजूलाही गरीबच होते. एखादी संघटना त्या मजुरांच्या मागे असती तर? पर्यावरणाच्या लढाईत कामगार संघटनेची जागा कोणती, याचे उत्तर आम्हाला या प्रसंगात दिसते.

रैणीनंतर सरकारने दिल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्र कुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९७६ मध्ये आला आणि अलकनंदेच्या वरच्या पाणलोटात दहा वर्षे तोड थांबली. खासगी ठेकेदार जाऊन सरकारी वन निगम आला. भट्ट तेवढ्यावर समाधानी नव्हते, कारण ठेकेदाराच्या जागी निगम आला तरी कुऱ्हाड तीच राहते आणि गाव बाहेरच राहते. पुढील वर्षांत त्यांनी जे केले ते बातमीत न बसणारे काम होते. शिबिरे भरवायची, गावकरी, विद्यार्थी, कैक वेळा अधिकारीही एकत्र आणायचे, दगडी पाळ घालायची, उघड्या उतारावर रोपे लावायची आणि रोप जगते की मरते ते पुढल्या वर्षी जाऊन मोजायचे. संघाने लावलेली रोपे सरकारी लागवडीपेक्षा कितीतरी अधिक जगली. कारण पाहायला लांब जायला नको. कोणते झाड लावायचे हे बायकांनी ठरवले होते आणि राखणही त्याच करीत होत्या.

बायकांनी ठरवावे हे घरच्या पुरुषांना नेहमी रुचले असे नाही. १९८० मध्ये डुंगरी-पैंतोली येथे बटाट्याच्या सरकारी फार्मसाठी ओकचे जंगल द्यायचे ठरले. बदल्यात रस्ता, शाळा, दवाखाना, वीज. पुरुष तयार झाले. बायका म्हणाल्या, सरपणाला आणि चाऱ्याला आम्ही आणखी किती मैल जायचे? आणि त्या आपल्या नवऱ्यांच्या विरुद्ध उभ्या राहिल्या. संघ बायकांच्या बाजूने राहिला, जंगल वाचले. आपल्या शाखांच्या कार्यकारिणीवर किती भगिनी आहेत हे या निमित्ताने मोजून पाहावे. आम्ही मोजले आणि आकडा येथे छापवत नाही.

भट्ट आणि सुंदरलाल बहुगुणा यांच्यात मतभेद होते, ते लपवण्याचे कारण नाही. बहुगुणा यांनी काश्मीर ते कोहिमा पायी यात्रा केली, टिहरी धरणाविरुद्ध उपोषणे केली, हिमालयात हिरवे झाड तोडूच नका असे ते सांगत. त्यांचा त्याग मोठा. २०२१ मध्ये करोनाने ते गेले. भट्ट यांचा आग्रह वेगळा होता. जंगलावर पोट असणाऱ्याला जंगलातून काम मिळाले पाहिजे, अन्यथा त्याच्या मनात जंगलाविषयी वैरच वाढेल. शाश्वत विकास हा शब्द आता प्रत्येक सरकारी फलकावर असतो. या माणसाने तो शब्द न वापरता राबवला. आम्ही या बाबतीत भट्ट यांच्या बाजूचे आहोत. पोटाचा विचार न करणारी बंदी शेवटी गरिबावरच येऊन पडते. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डेहराडून खोऱ्यातल्या चुनखडीच्या अनेक खाणी बंद केल्या. खाणी बंद करणे आवश्यक होते. बेकार होणाऱ्या मजुरांना वनीकरणाच्या कामावर शक्य तितके सामावून घ्यावे, असेही न्यायालयाने म्हटले होते. ‘शक्य तितके’ या दोन शब्दांत काय काय मावते ते आपण दर वेतन आयोगाच्या वेळी अनुभवतो. असे शब्द कागदावर पक्के करून घ्यायला संघटना लागते.

आणि रैणीचे पुढे काय झाले? ७ फेब्रुवारी २०२१ ला रैणीच्या वरच्या शिखराचा खडक आणि बर्फ एकदम तुटून खाली आले. ऋषिगंगेला आलेल्या लोंढ्याने एक जलविद्युत प्रकल्प पुसून टाकला आणि खाली तपोवनच्या बोगद्यात माणसे गाडली. दोनशेहून अधिक मृत व बेपत्ता. त्यात बहुतेक प्रकल्पांवरचे कामगार. कडा तुटण्याचे कारण वृक्षतोड नव्हते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण अशा खोऱ्यात नदीच्या पात्रात माणसे कामाला लावताना वर इशारा देणारी यंत्रणा नव्हती. १८९४ मध्ये तारेने जे जमले ते सव्वाशे वर्षांनी जमले नाही. या प्रकल्पातल्या सुरुंगांविरुद्ध गावातून २०१९ मध्येच न्यायालयात अर्ज गेला होता. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये सिलक्यारा येथे रस्त्याच्या बोगद्यात ४१ कामगार सतरा दिवस अडकले. ते सुखरूप निघाले, कारण शेवटचे काही मीटर हाताने खणणारे मजूर आत घुसले. मधल्या काळात, जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची घरे तडकली. त्या गावाखाली जुन्या दरडीची भुसभुशीत जमीन आहे, तेथे सुरुंग लावू नका, असे १९७६ च्या मिश्रा समितीने लिहून ठेवले होते.

आता तिकडे आपली रेल्वे जाते आहे. ऋषिकेश ते कर्णप्रयाग, सुमारे १२५ किलोमीटर, त्यातील शंभराहून अधिक किलोमीटर बोगद्यांतून. भट्ट यांच्या जिल्ह्यात गाडीची शिट्टी वाजेल, तिकीट खिडकी उघडेल, आणि आम्हाला त्याचा आनंदच आहे. पहाडातल्या आजारी माणसाला खाली आणायला गाडीसारखे वाहन नाही. पण काही गावांतून घरांना तडे गेल्याच्या, झरे आटल्याच्या तक्रारी आल्या आहेत. बोगद्यात खणणारी माणसे ठेक्यावरची आहेत. त्यांची नोंद कोणाकडे, विमा किती, वर डोंगरावर लक्ष ठेवायला कोण, उकरलेला मुरूम नदीत जातो की ठरलेल्या जागी, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. उद्या त्याच मार्गावर आपले गँगमन गस्त घालणार आहेत.

म्हणून आमची सूचना अशी. घाट विभागांतील आणि नदीकाठच्या शाखांनी पावसाळ्यापूर्वी लाइनवरच्या माणसांकडून धोक्याच्या जागांची यादी करून घ्यावी. डोंगर कोठे खणला, नाला कोठे बुजवला, झाडी कोठे गेली, किलोमीटर क्रमांकासह. टपालाच्या शाखांनी ग्रामीण डाक सेवकांकडून पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटांची तशीच यादी घ्यावी. ती मागणीपत्राला जोडावी आणि स्थानिक ग्रामसभेलाही एक प्रत द्यावी. ठेकेदाराचे मजूर आपले सभासद नाहीत म्हणून त्यांना वगळू नये.

त्या गँगमनला आम्ही नंतर भेटलो. माफी मागितली. तो म्हणाला, माफीचे राहू द्या साहेब, यादीत माझ्या बीटचा नंबर पहिला घाला. तो घातला आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय तिसऱ्या क्रमांकावर आहे, रात्रपाळी भत्त्याच्या आधी.